चुन्याच्या रेघा

अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असा समितीचा निरोप आला आणि डोळ्यांपुढे आलं ते मैदानातलं डबकं. स्नेहसंमेलनं, निकाल, क्रीडास्पर्धा यांवर बाकीचे लिहितीलच. मी भूगोलाच्या बाईंवर लिहितो.

1981चा जुलै, नववी ब. समोच्च रेषांचा धडा चालू होता आणि माझ्या वहीत 300 आणि 320 मीटरच्या रेषा एकमेकींना छेदून गेल्या होत्या. बाईंनी वही उचलली. "काऊन रे, एकाच जागेची उंची दोन-दोन कशी असते?" मला उत्तर सुचेना. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी अख्खा वर्ग मैदानावर नेला.

रात्री पाऊस झाला होता. कडुनिंबापाशी नेहमीचं पाणी साचलं होतं. मधोमध मोजपट्टी बांधलेली काठी रोवली. कबड्डीच्या आखणीचा चुना मागवला आणि पाण्याच्या कडेकडेने मला रेघ मारायला लावली. "ह्या रेघेवर कुठंही पाय ठेव, उंची एकच. झाली तुझी समोच्च रेषा."

पुढे चार-पाच दिवस उघाड होती. काठीवर पाणी 2 सेंमी उतरलं की आम्ही नवी रेघ मारायचो. मधल्या सुट्टीत त्या कोपऱ्यात खेळायला बंदी, आणि पहारा माझा! डबकं आटलं तेव्हा मातीवर एकात एक अशी पाच पांढरी कडी होती. एकही दुसरीला शिवली नव्हती. भिंतीकडे दोन रेघांत अंतर 10 सेंमी, कडुनिंबाकडे 120. उभं अंतर भागिले आडवं अंतर: इकडे उतार एकास पाच, तिकडे एकास साठ. रेषा दाट तिथे चढ खडा, हे वाक्य मग कुणालाच पाठ करावं लागलं नाही.

त्याच वर्षी बाईंनी आम्हाला नागपुरातल्या झिरो माइलला, जुन्या सर्वेक्षणाच्या खुणेच्या दगडापाशी, नेलं. तिथल्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे, 1020.171 फूट. रोज सायकलवरून त्याच्यासमोरून जाणारी आम्ही मुलं. तो आकडा त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या माणसांबद्दल बाई किती आदराने बोलत होत्या!

पुढे माझी सगळी नोकरी जलसंधारणात गेली. काटोलपासून यवतमाळपर्यंतच्या टेकड्यांवर सलग समतल चर खोदून घेतले. चर समोच्च रेषेवरच हवा, तरच पाणी सगळीकडे सारखं थांबतं आणि मुरतं. पहिल्या वर्षी एका चराची आखणी माझ्या हातून फूटभर चुकली. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी एका टोकाला धावलं आणि कडेचा बांध फुटला. त्या रात्री झोप लागली नाही. बाईंचा "काऊन रे" कानात होता. त्यानंतर निवृत्तीपर्यंत प्रत्येक आखणी मी स्वतः चालून तपासली.

मागच्या महिन्यात शाळेत आलो होतो. मैदानाच्या त्या कोपऱ्यात आता सिमेंटचे ठोकळे बसवले आहेत. पाणी जाळीतून थेट नालीत जातं. मुलांचे बूट चिखलात भरत नाहीत, हे खरं. पण मला फार वाईट वाटलं. निदान कडुनिंबाभोवतीची दहा फूट जागा तरी उघडी ठेवता आली असती.

बाई ऐंशीच्या पुढे आहेत, चाकाच्या खुर्चीतून येणार आहेत असं कळलं. समितीला एकच विनंती. मंच तीन फूट उंच असेल, तर त्यांच्यासाठीचा रॅम्प निदान 36 फूट लांब करा. एकास बारापेक्षा खडा नको. आखणीला मी आदल्या दिवशी सकाळीच येतो. चुना तेवढा आणून ठेवा.