सोलोची नोंदवही, सहावा आठवडा: पंचमावरून धैवत

बीटल्स या बँडचे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांचा ‘समथिंग’ या गाण्यातला सोलो (एकट्या गिटारने वाजवायचा तुकडा) बसवायला घेतल्याला आज सहा आठवडे झाले. १९६९ च्या ‘ॲबी रोड’ या अल्बममधला हाच सोलो निवडण्यामागे थोडा हट्टही होता. बीटल्सच्या गिटारचा विषय निघाला की लोक बहुधा ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’चे नाव घेतात आणि तो सोलो तर १९६८ साली पाहुणे म्हणून आलेल्या एरिक क्लॅप्टन यांनी वाजवलेला आहे. हॅरिसन यांच्या वाट्याला मात्र ‘गाण्याला साजेसे वाजवतात’ एवढीच, काहीशी उपकार केल्यासारखी शाबासकी येते.

टॅब (कोणत्या तारेवर कुठे बोट ठेवायचे ते दाखवणारी लिपी) पाहून काम दोन दिवसांचे वाटले होते आणि सूर खरोखरच दोन दिवसांत बोटांखाली आले. तिसऱ्या दिवशी स्वतःचे रेकॉर्डिंग ऐकले, तेव्हा सगळे सूर जागच्या जागी असूनही ते कोणी टंकलेखन करत असल्यासारखे ऐकू आले.

पहिले तीन आठवडे मी उगाचच ॲम्प्लिफायरच्या टोनमध्ये घालवले. खरे कारण कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांमध्ये होते. हा सोलो कडव्याच्याच कॉर्डवर येतो आणि तिथे सी, सी मेजर सेवन्थ, सी सेवन्थ आणि एफ असा क्रम आहे. सी हा षड्ज मानला, तर या चार कॉर्डच्या पोटात सा, शुद्ध नी, कोमल नी आणि ध अशी एक उतरण लपलेली असते. ऐकणाऱ्याचे लक्ष वरच्या सुरांकडे असते, पण त्याचे मन या उतरणीवरून खाली येत असते. मी मात्र पेंटॅटॉनिक या पाच सुरांच्या स्केलच्या ओळखीच्या चौकटीत बोटे फिरवत होतो, त्यामुळे ती पूर्णपणे झाकली जात होती. शेवटी लूपरवर (भरलेला तुकडा पुन्हापुन्हा वाजवणाऱ्या यंत्रावर) फक्त कॉर्ड भरून घेतले, गिटार बाजूला ठेवली आणि चार दिवस ते चार सूर नुसते गायलो. आवाज भसाडा असला तरी चालतो. कानाला वाट सापडणे महत्त्वाचे.

चौथ्या आठवड्यापासून बेंडवर, म्हणजे तार ताणून सूर चढवण्यावर काम सुरू आहे. त्यासाठी मी एक छोटी तान स्वतःच रचली: दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवरचा (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीवरचा) पंचम ताणून एफ कॉर्ड येताच धैवतावर पोहोचायचे. एफला सा मानले, तर हा धैवत त्या कॉर्डचा गंधार होतो, त्यामुळे तिथे थोडा जरी उणा लागला, तरी सगळी हवा निघून जाते. मी आधी दहाव्या फ्रेटवर खरा धैवत वाजवून कानात ठेवतो आणि मग आठव्या फ्रेटवरून तो गाठतो. पूर्ण सुराचे अंतर २०० सेंट (सुरांमधले अंतर मोजण्याचे एकक) असते. ट्यूनर लावून पाहिले, तेव्हा माझा बेंड सुमारे १७० वरच थांबत होता. वर्षानुवर्षे मी असा उणा सूर लावत आलो आणि त्यालाच ‘फील’ म्हणत होतो, हे कबूल करायला जड जाते.

यातली दुसरी अडचण कंपनाची आहे. सूर लागताक्षणी बोट थरथरवण्याच्या सवयीमुळे तो स्थिर होण्याआधीच डळमळतो. हॅरिसन सूर आधी उभा राहू देतात. ते १९६६ मध्ये रविशंकरांकडे सतार शिकले होते आणि मला त्यांच्या बेंडमध्ये मींडेचा संथपणा ऐकू येतो: सूर कुठे पोहोचला याइतकेच तो वाटेत कसा चालला, यालाही तिथे मोल आहे.

सध्या मेट्रोनोम (ठेका देणारे यंत्र) मिनिटाला ५० ठोक्यांवर आहे. काल रात्री तीच तान दहा वेळा रेकॉर्ड केली. सात वेळा धैवत नेमका लागला आणि उरलेल्या तीन वेळा तो चढा होता, म्हणजे चूक आता दुसऱ्या बाजूने होऊ लागली आहे.