तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मी अजूनही देमार पिक्चर बघतो

प्रश्न दोन प्रकारे येतो. ऑफिसातले, सोसायटीतले, सासरकडचे लोक विचारतात तो साधा, "एवढा वाचणारा माणूस तू, आणि असले देमार पिक्चर काय बघतोस?" आणि कोथरूडच्या आमच्या जुन्या गल्लीतले, ज्यांना १९९७ च्या मे महिन्यात काय झालं ते माहितीये, ते विचारतात, "एवढं झाल्यावरही तू ते बघूच कसा शकतोस रे?" पहिल्याला मी वीस वर्षं उत्तर देतोय. दुसऱ्याला एकदाही दिलेलं नाही. मागच्या महिन्यात एका मुंजीत पंगतीला शेजारच्या काकांनी परत तोच दुसरा विचारला, मी "काका, जिलबी घ्या" म्हणून विषय बदलला, आणि रात्री घरी आल्यावर काही केल्या झोप लागेना. म्हणून लिहितोय.

आधी पहिला, कारण त्याची मला चीड आहे. मी पुण्यातल्या लॉ कॉलेज रोडच्या फिल्म आर्काइव्हला, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, नेमानं जाणारा माणूस आहे. १९६४ साली सुरू झालेली ती संस्था पी. के. नायर यांनी रीळ रीळ गोळा करून उभी केली आणि सिनेमा चांगला का वाईट हे न बघता जे मिळेल ते जपलं. पण शो बघायला येणारी आपली मंडळी तशी नाहीत. १९२८ च्या 'स्टीमबोट बिल ज्युनिअर' या मूकपटात घराची अख्खी दर्शनी भिंत बस्टर कीटनच्या अंगावर कोसळते आणि तो नेमका खिडकीच्या जागी उभा असतो म्हणून वाचतो, भिंत खरी, वजनदार, थोडं इकडंतिकडं झालं असतं तर माणूस तिथंच संपला असता. यावर अख्खा हॉल टाळ्या वाजवतो, मीही वाजवतो. आणि १९८३ च्या 'प्रोजेक्ट ए' या हाँगकाँगच्या पिक्चरमध्ये जॅकी चॅन घड्याळाच्या काट्याला लटकतो आणि दोन कापडी छपरं फाडत जमिनीवर आदळतो, जे त्यानं कीटन आणि हॅरॉल्ड लॉइड यांच्याकडूनच घेतलंय, तर ती मारधाड. फरक काय ते मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. 'झपाटलेला' आवडतो म्हटलं की सगळे खूश, तात्या विंचूचे डायलॉग सुरू होतात. हाँगकाँगचं नाव काढलं की चेहरे बदलतात.

मला काय आवडतं सांगू? माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो ते. जॅकी, सॅमो हंग, युएन बियाओ ही पोरं लहानपणीच पेकिंग ऑपेराच्या शाळेत टाकलेली, तासन्‌तास हातांवर उभं राहायला लावलेली, ती सगळी वर्षं शॉटमध्ये दिसतात कारण कॅमेरा मागे थांबतो आणि अंग लपवत नाही. बऱ्याच हॉलिवूड पिक्चरमध्ये फटका बसायच्या क्षणी कट मारतात, म्हणजे बसला का नाही कळतच नाही. हाँगकाँगवाले तोच फटका दुसऱ्या अँगलनं किंचित मागे जाऊन परत दाखवतात, म्हणून तो आपल्याला छातीत लागतो. हे सगळं मला एकोणिसाव्या वर्षी, रोज रात्री व्हीसीआरचं रिवाइंड बटण दाबून दाबून कळलं. आणि हे फक्त परदेशातलं नाही हो, आपल्याकडे १९३५ ला 'हंटरवाली'त नादिया चाबूक घेऊन उड्या मारत होती, 'शोले'त बसंतीचा टांगा उधळतो तेव्हा त्यावर बऱ्याच वेळा हेमा मालिनीच्या जागी स्टंट करणाऱ्या रेश्मा पठाण होत्या. त्यांचं नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं?

असो. आता दुसरा.

आम्ही दोघं एका गल्लीत वाढलो, एका बाकावर बसलो. त्याचं नाव लिहीत नाही. राहुल टॉकीजला, अलका टॉकीजला इंग्रजी पिक्चर लागला की आम्ही पहिल्या आठवड्यात हजर. जॅकीच्या पिक्चरची खरी मजा शेवटी, नावं येताना, जेव्हा फसलेले शॉट दाखवतात. 'रम्बल इन द ब्राँक्स'च्या शेवटी तो एका होव्हरक्राफ्टवर उडी मारतो आणि त्याचा घोटा मोडतो, आणि पुढच्या तुकड्यात प्लॅस्टरवर बुटासारखा रंगवलेला मोजा चढवून तो परत कामाला लागलेला दिसतो. थिएटरात दिवे लागलेले, झाडूवाला आत आलेला, आणि आम्ही दोघं खुर्च्यांमध्ये उभे राहून टाळ्या वाजवतोय. कशाला टाळ्या वाजवत होतो ते तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माणसाचा पाय मोडला होता.

मावशीच्या मिस्टरांनी मस्कतहून हँडीकॅम आणला होता, तो मी दोन दिवसांसाठी मागून घेतला. आम्ही आमचा फाईट सीन काढणार होतो. कर्वेनगरला तेव्हा जिकडंतिकडं बांधकामं, रविवारी काम बंद, एका बिल्डिंगचा पहिला स्लॅब पडलेला, जमिनीपासून अकरा एक फूट. त्यावरून तो उडी मारणार, खाली गाद्या. गाद्या आमच्या घरच्या, कापसाच्या, स्कूटरवर दुमडून दोन फेऱ्यांत नेल्या. आई दोन वर्षं म्हणत होती पिंजून घ्यायला पाहिजेत, गोळे झालेत. कापसाची जुनी गादी म्हणजे जवळपास लाकूडच असते हे कुणालाही सांगता आलं असतं, आम्ही विचारलं नाही. स्टंटवाले रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचे थर लावतात, खोका चेपतो, आतली हवा निघते आणि तो चेपण्यातच माणसाचा वेग संपतो, हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. मंडईत तसले खोके ढिगानं पडलेले असतात. फुकट.

पहिली उडी झकास झाली. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगतोय म्हणून नीट लिहितो. तो बरोबर मधोमध पडला, एक कोलांटी घेतली आणि हात वर करून उभा राहिला, चेहऱ्यावर असं हसू की ते मला आत्ताही दिसतं. आणि मी खाली कॅमेऱ्यात बघितलं तर लाल ठिपका नव्हता. बटण दोनदा दाबलं गेलं होतं. म्हणजे तो वर शर्ट खोचतोय, खाली वाकून बघतोय, ते सगळं रेकॉर्ड झालं होतं, आणि उडीच्या वेळी चालू करतोय समजून मी ते बंद केलं होतं.

मी त्याला हे सांगितलं नाही. मी म्हटलं, "चेहरा नाही दिसला रे तुझा, आणि जरा घाबरल्यासारखी वाटली उडी. परत एकदा."

तो म्हणाला, "झाली की चांगली."

मी म्हटलं, "जॅकी एका टेकमध्ये थांबतो का?"

तो परत वर गेला. पहिल्या उडीनं वरची गादी हातभर सरकली होती, ती नीट करणं माझं काम होतं, मी या वेळी तो लाल ठिपकाच बघत बसलो होतो. तो कडेला बराच वेळ उभा राहिला. मी खालून ओरडलो, चल रे, ऊन जातंय. त्याचा डावा पाय गादीवर आला आणि उजवी टाच मुरुमावर. आवाज आला तो पिक्चरमधल्यासारखा अजिबात नव्हता, अडकित्त्यात सुपारी फुटते ना, तेवढाच, कोरडा. तो ओरडलाही नाही. बसला, बुटाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "आलं का?"

आलं होतं.

टाचेच्या हाडाचा चुरा झाला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर धरून दाखवला, दुसऱ्या पायाची टाच गोल आणि ही चपटी, भाकरी थापल्यासारखी. चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो तर तोच म्हणाला, "बूट काढ ना प्लॅस्टरवर, जॅकीसारखा." मी स्केचपेन घेऊन गेलो आणि तासभर बसून काढला, निळा बूट, पांढऱ्या पट्ट्या, लेसची भोकं मोजून सहा-सहा, तो सूचना करतोय आणि आम्ही दोघं हसतोय. काकू डबा घेऊन आल्या. त्यांनी प्लॅस्टरकडं बघितलं, डबा ठेवला आणि मला विचारलं, अगदी शांतपणे, "त्या सिनेमात पडलेली माणसं उठतात ना रे परत?" मी "हो काकू" म्हणालो. मला तेव्हा खरंच वाटलं त्या माहिती विचारतायत.

तो उठला, तसा. पण टाचेच्या वरचा जो सांधा खडबडीत जमिनीवर पाऊल तिरकं होऊ देतो, तो त्याचा कायमचा गेला. सपाट रस्त्यावर तुम्हाला काही कळणार नाही. दर रविवारी आम्ही सिंहगड चढायचो, तो पुढे, मी मागे धापा टाकत. त्यानंतर तो कधी पायवाटेनं गेलेला नाही. गाडीनं वर जातो, पिठलं-भाकरी खातो, गाडीनं खाली येतो.

तर, पिक्चरचा दोष होता का? वर्षानुवर्षं मी नाही म्हणत आलोय, आणि तावातावानं. करोडो लोकांनी तो पिक्चर बघितला, गाद्या घेऊन कर्वेनगरला आम्हीच गेलो. हे खरंच आहे. पण हेही खरं की तो मोडलेला घोटा मला हसत, गाणं लावून दाखवला गेला आणि मी त्यातून हेच शिकलो की मोडलं तरी चालतं, वर बूट रंगवता येतो. पिक्चर नसता तर मी स्लॅबखाली उभाच नसतो. मग परत वाटतं, ही पळवाट आहे. "परत एकदा" पिक्चर म्हणाला नव्हता, मी म्हणालो होतो.

पंचविशीत तर मी आणखी भयंकर होतो. स्टंटमध्ये माणसाला आधाराची वायर लावली म्हणजे चीटिंग, कॉम्प्युटर म्हणजे चीटिंग, खरं पडलं तरच खरं, असं मी लोकांशी रात्र रात्र भांडायचो, आणि हे मी, ज्यानं ती सुपारी ऐकली होती. त्या पोराला आज समोर बसवून सांगावंसं वाटतं की कॉम्प्युटरनं पुसलेली वायर म्हणजे कुणाची तरी शाबूत टाच आहे. १९८६ च्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी जॅकी झाडावरून पडून त्याची कवटी फुटली, मरता मरता वाचला, आणि पहिला टेक चांगला झाला होता, त्याला आणखी चांगला हवा होता. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून गच्चीत जाऊन उभा राहिलो. 'प्रोजेक्ट ए'च्या त्या घड्याळावरून हात सोडायचा धीर त्याला कित्येक दिवस होत नव्हता हेही त्यानंच सांगितलंय. त्याला खालून कुणी ऊन जातंय म्हणालं नसावं. आपल्याकडे २०२५ च्या जुलैत एका तमिळ पिक्चरच्या शूटिंगला गाडी उडवताना एस. एम. राजू गेले. त्याच वर्षी ऑस्करवाल्यांनी जाहीर केलं की २०२७ मध्ये येणाऱ्या पिक्चरपासून स्टंट डिझाइनला बक्षीस, म्हणजे पहिलं २०२८ ला मिळेल. ऑस्कर १९२९ पासून देतायत. इतकी वर्षं ही माणसं पडतायत आणि त्याला आत्ता काम म्हणतायत. ही बातमी आली तेव्हा मी ऑफिसात रडलो, आणि लोकांना कारण सांगता आलं नाही.

एवढं सगळं कळूनही, परवा इंडोनेशियाचा 'द रेड' परत लावला होता. त्यात एक माणूस वरून पडताना मधल्या कठड्यावर पाठीत आपटतो. मी तीनदा मागे घेऊन बघितलं. खरंच आपटला का ते बघायला. आणि खरंच आपटला असं वाटल्यावर आतून जे उसळलं ते तेच होतं, थिएटरात उभं राहून टाळ्या वाजवतानाचं. ते गेलेलं नाही. गेलं पाहिजे का तेही मला ठरवता येत नाही. काका, हे मला जिलबी खाता खाता सांगता आलं नसतं.

लोकांना वाटतं त्यानं हे पिक्चर सोडले असतील. तो आजही माझ्याबरोबर बघतो, शेवटचं नाव जाईपर्यंत उठत नाही. आम्ही त्या दिवसाबद्दल बोलतोही, सहज, तो सगळ्यांना सांगतो की दुसऱ्या टेकला माझाच नेम चुकला. फक्त एक मागणं तो बारा-तेरा वर्षं करतोय, ती कॅसेट कन्व्हर्ट करून आण, पोरांना दाखवायचीये, बाप कसा उडी मारायचा ते. मी त्याला सांगितलंय की कॅसेटला बुरशी लागली.

बुरशी लागलेली नाही. कपाटात, वरच्या कप्प्यात, पावसाळ्यात सिलिकाच्या पुड्या बदलून मी ती जपलीये. तिच्यात तू शर्ट खोचतोस, वाकून बघतोस, मग कट, आणि मग एकदम दुसरी उडी. पहिली नाहीचे. ती बघितलीस की तुला लगेच कळेल, तुझा नेम चुकला नव्हता आणि चेहऱ्याचंही काही नव्हतं.

तू हे वाचणार आहेस. रविवारी ये, कॅसेट काढून ठेवतो. कॅमेरा मावशीकडं अजून आहे, चालतोय का बघायला लागेल. पोरांना दाखवायची का ते तू ठरव. तू बघत असताना मी खोलीत बसू शकेन का, ते मला आत्ता सांगता येत नाही.