पोर्टलंड ते पेनोला: तबेल्यातल्या शाळेची वाट

आळंदी-पंढरपूर चाललेल्या माणसाला ऑस्ट्रेलियातली ही वाट सुरुवातीला सुनी सुनी वाटते. व्हिक्टोरिया राज्यातल्या पोर्टलंड बंदरापासून साउथ ऑस्ट्रेलियातल्या पेनोला गावापर्यंत दीडशे किलोमीटरहून जास्त चालायचं, आणि टाळ नाही, पालखी नाही, "माउली, चहा घ्या" म्हणणारं कुणी नाही. पाणी आपलं आपण वाहायचं. मेलबर्नहून निघालेल्या आमच्या छोट्या टोळीत मराठी मी एकटाच. बाकीचे बहुतेक निवृत्त शिक्षक, पाठीवरच्या पिशवीला शिंपला बांधलेले. स्पेनमधल्या 'कमिनो' या जुन्या पायी तीर्थयात्रेची खूण शिंपला; तिच्यावरून या चालीला ते 'ऑसी कमिनो' म्हणतात.

जिच्यासाठी चालायचं ती संत मेरी मॅकिलॉप १८४२ साली मेलबर्नच्या फिट्झरॉय भागात जन्मली. आईवडील स्कॉटलंडहून आलेले. वडील शिकलेले, पण पैसा हाती टिकेना; आठ भावंडांत मेरी थोरली, म्हणून कमावण्याचा भार लहानपणीच तिच्यावर आला. आधी स्टेशनरीच्या दुकानात कारकुनी केली, मग १८६० साली पेनोलाला नातेवाइकांच्या मुलांना शिकवायची नोकरी. तिथं तिला फादर ज्युलियन टेनिसन वूड्स भेटले. हा पाद्री हजारो चौरस मैलांची आपली हद्द घोड्यावरून पालथी घालायचा आणि जाता जाता खडक, जीवाश्म, वनस्पती यांच्या नोंदी करायचा. भूगर्भशास्त्रावर त्याचं पुस्तक आहे. मेंढपाळांची, शेतमजुरांची पोरं शाळेविना वाढताहेत, हे दोघांनाही खुपत होतं.

पण मेरीला लगेच मोकळं होता येईना. ती पोर्टलंडला आली, शाळेत शिकवू लागली, पुढे मुलींसाठी स्वतःची निवासी शाळा काढली आणि इकडेतिकडे पांगलेलं घर एका छपराखाली आणलं. आमची चाल इथूनच सुरू होते, ते मला योग्य वाटतं. पोर्टलंडला तिचं बरं चाललं होतं.

पहिला टप्पा समुद्राचा. केप ब्रिजवॉटरच्या कड्यांवर वारा असा, की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केलेल्या. डिस्कव्हरी बेची वाळू मात्र अंत पाहते. पाऊल टाकावं तर अर्धं मागं सरकतं, आणि वारा पडला की माश्या तोंडावर. दिवे घाटात मला इतकं जड गेलं नव्हतं. "मेरी बहुधा घोडागाडीनं गेली असेल," एक आजी म्हणाल्या, "आपणच शहाणे." नेल्सनला ग्लेनेल्ग नदी ओलांडली, पुढे राज्याची हद्द, मग पोर्ट मॅकडॉनलहून किनारा सोडून माउंट गॅम्बियर. पाइनची लागवड संपता संपत नाही.

१८६६ साली वूड्सनी बोलावलं आणि मेरी दोन बहिणींना घेऊन पेनोलाला परतली. शाळेला जागा म्हणजे एक पडीक तबेला. भाऊ जॉननं तो डागडुजी करून दिला. ज्याला जमेल त्यानं फी द्यावी, नसेल त्यानं न देता शिकावं. त्यातून सेंट जोसेफच्या भगिनींचा, म्हणजे नन्सचा, संघ उभा राहिला. पुढच्याच वर्षी ती ॲडलेडला गेली, आणि १८७१ पर्यंत शंभराहून अधिक भगिनी शाळा आणि अनाथालयं चालवत होत्या, कित्येकदा दारोदार मागून.

त्याच साली सप्टेंबरात ॲडलेडचे बिशप शील यांनी तिला धर्मबहिष्कृत केलं. ती तेव्हा एकोणतीस वर्षांची. संघाचा कारभार बिशपनं बघायचा की भगिनींनी निवडलेल्या प्रमुखानं, हा भांडणाचा गाभा. मेरी हटली नाही. बेघर झालेल्या भगिनींना इमॅन्युएल सॉलोमन या ज्यू व्यापाऱ्यानं राहायला घर दिलं. पाच महिन्यांनी, मरणाआधी काही दिवस, बिशपनं बहिष्कार उठवला. हे ऐकताना मला आळंदीची चार भावंडं आठवली. सोबत्यांना ती गोष्ट सांगितली, पण मुक्ताईच्या मांडे भाजण्यापर्यंत पोचेस्तोवर जेवणाची वेळ झाली.

मला जास्त बोचलं ते नंतरचं. १८७३ मध्ये मेरी रोमला गेली आणि संघाच्या नियमांना मान्यता मिळवायच्या खटपटीला लागली. भगिनींचा कारभार भगिनींकडेच राहिला, पण संघानं मालमत्ता बाळगायचीच नाही हा वूड्सचा कडक नियम रोमनं सैल केला. वूड्सना वाटलं, मेरीनं पुरेसं भांडण केलं नाही. दोघांचं पुन्हा पहिल्यासारखं जुळलंच नाही. माझ्या मते रोमचं बरोबर होतं. छप्पर भाड्याचं असलं की पोरांना कधीही रस्त्यावर यावं लागतं. पण वूड्सची तडफडही समजते.

पेनोलाला तबेल्याच्या जागेशेजारी १८६७ साली बांधलेली दगडी शाळा अजून आहे. आत लाकडी बाकं, पाट्या. शाळेला दोघांचंही नाव दिलंय, तरी मेणबत्त्या सगळ्या मेरीपुढे. साहजिकच आहे, २०१० साली ती ऑस्ट्रेलियाची पहिली संत ठरली, आणि वूड्स अजूनही नुसते 'फादर'. तिची समाधी मात्र इथं नाही, नॉर्थ सिडनीला आहे. १९०९ साली ती तिथंच वारली. शिक्षक मंडळी आता तिकडे जायचे बेत करत होती, विमानाने.