एक किलोचं वजन

आज बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर पिस्तूल तपासायला दिलं. पंचवीस मीटरच्या .२२ (पॉइंट बावीस) पिस्तुलाला नियमाने ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा लागतो, म्हणजे तेवढं वजन पेलूनही तो सुटता कामा नये. नळी उभी धरून ट्रिगरला एक किलोचं वजन अडकवलं आणि हळूच उचललं, तर खट्ट! घोडा (ट्रिगर सुटला की आपटणारा हातोडा) पडला, म्हणजे नापास. दुसऱ्यांदाही तेच. चूक माझीच. गेल्या आठवड्यात "जरा हलका करू" म्हणत मीच स्प्रिंगचा स्क्रू सैल केला होता.

पाव फेरा आवळला, तेव्हा कुठे वजन उचललं गेलं. सरांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, ट्रिगर हलका नको, स्वच्छ हवा." ट्रिगर दाबताना पहिला, हलका टप्पा कुठे संपतो ते बोटाला कळलं पाहिजे. घोडा पडल्यावर बोट मागे घसरू नये म्हणून स्टॉपचा स्क्रूही त्यांनी लावून दिला. तो आधी मी इतका आत घेतला होता की घोडा सुटतच नव्हता. (हसू नका.)

मग साइट, म्हणजे नेम धरायची खूण. चाळिशी उलटल्यापासून पुढची साइट धूसर दिसते. मागची खाच थोडी रुंद केली, दोन्ही बाजूंना उजेडाची पट्टी आली आणि डोळ्यांचा ताण लगेच उतरला. हे वर्षभरापूर्वीच करायला हवं होतं.

तरी पहिल्या पाच गोळ्या डावीकडेच. मी साइट सरकवायचा स्क्रू एखादा क्लिक फिरवायला हात घातला, तर सर म्हणाले, "साइट ठीक आहे, बोट बघा." बघितलं. बोटच वाकडं दाबत होतं, अजूनही दाबतंय.

पंचवीस मीटरच्या प्रिसिजन (सावकाश नेमाच्या) लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ फक्त ५० मिलिमीटरचं असतं हो!