बोरिंगचं पाणी, साबणाचे तुकडे आणि गाडीचा रुसलेला फवारा

ओंकारेश्वरहून इंदूरला घरी परत येत होतो, मागच्या जुलैमधली गोष्ट. भेरूघाटात गाडीच्या काचेची अशी काही अवस्था झाली की पुढचं काही म्हणजे काही दिसेना. धो धो पाऊस असता तर काच आपोआप धुतली तरी गेली असती, पण नुसती भुरभुर, आणि त्यात खंडवा रोडचं काम चालू, पुढच्या ट्रकच्या चाकांमधून आपल्या माळव्याची काळी माती थेट काचेवर. वायपर फिरवला तर अंगण सारवल्यासारखं सगळं एकसारखं पसरलं. पाणी मारायला दांडी ओढली, थेंब नाही. परत ओढली, काही नाही. सासूबाई मागून "हळू गं, हळू" म्हणत होत्या, मी आधीच वीसच्या स्पीडने चालले होते. शेवटी घाट संपल्यावर सिमरोलला एका चहाच्या टपरीसमोर थांबून प्यायच्या पाण्याची बाटली काचेवर ओतली तेव्हा कुठे जीवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना भंवरकुआंजवळच्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. तिथल्या मुलाने बॉनेटसुद्धा उघडलं नाही, आत बसून एकदा दांडी ओढली आणि सांगितलं, "मैडम, मोटर गई. बंपर खोलना पड़ेगा, अट्ठाईस सौ लगेंगे." म्हटलं आधी मी घरी बघते जरा. तर हसला, "आप क्या देखेंगी?" आता वायपरचं पेटंट १९०३ मध्ये अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाईने घेतलं होतं, न्यूयॉर्कमध्ये ट्रामचा ड्रायव्हर बर्फातून पुढचं दिसत नाही म्हणून तसाच गारठत गाडी हाकतोय हे बघून तिला ते सुचलं, हे मला तेव्हा माहीत असतं तर तिथेच ऐकवलं असतं. नंतर कळलं, काय उपयोग. पण २८०० रुपयांपेक्षा ते हसणंच मला जास्त लागलं हे खरं.

रविवारी सकाळी राजेंद्र नगरच्या आमच्या गल्लीत गाडी उघडून बसले. नवरा पुण्याला, नोकरीमुळे, म्हणून मदतीला माझे सासरे म्हणजे बाबा, वय ७४, हातात टॉर्च, आणि चिरंजीव, वय ११, ड्रायव्हिंग सीटवर. (इंजिन बंद, चावी फक्त ऑनवर, गाडी हँडब्रेकवर, हे आधीच दम देऊन सांगितलं.)

पहिलं काम, ऐकणं. काच धुवायच्या पाण्याची निळ्या झाकणाची टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती, म्हणजे पाणी संपलंय असं नव्हतं. चिरंजीवांना दांडी ओढायला सांगितली आणि मी पुढच्या डाव्या चाकापाशी कान लावून उकिडवी बसले, कारण टाकी तिथेच खाली बंपरच्या आत असते आणि पाणी वर ढकलणारी मोटर तिला खाली चिकटलेली. आणि स्पष्ट ऐकू आलं, घुंऽऽऽ. मिक्सर दुसऱ्या खोलीत चालू असावा तसं. म्हणजे मोटर जिवंत होती! आवाजच नसता तर आधी फ्यूज बघायचा, मग वायरचा सॉकेट, मग मोटरला दोष द्यायचा. आवाज येतोय आणि पाणी नाही म्हणजे पाणी मधे कुठेतरी अडलंय किंवा गळतंय. घाटात इंजिन आणि ट्रकच्या आवाजात हे कळायला मार्गच नव्हता आणि गॅरेजमध्ये कोणाला ऐकायचं नव्हतं.

मग पाणी कुठपर्यंत येतंय ते उलटं शोधत गेलो. बॉनेटच्या आतून ते काळं गादीसारखं कापड असतं ना, ते प्लॅस्टिकच्या बटणांनी बसवलेलं असतं. ती बटणं पेचकसाने उचकटताना दोन तुटली, जुन्या गाडीत प्लॅस्टिक खारीसारखं झालेलं असतं. खाली बारीक काळा पाइप दोन्ही जेटना, म्हणजे काचेवर पाणी उडवणाऱ्या तोंडांना, गेलेला. एका जेटचा पाइप ओढून काढला, दांडी ओढायला लावली, तर पाइपातून थेंब थेंब. म्हणजे जेट साफ करून काही होणार नव्हतं, पाणी तिथपर्यंतच येत नव्हतं. बिजागरीपाशी पाइप दुमडलाय का, उंदराने कुरतडलाय का तेही बघितलं, आमच्याकडे उंदरांची काही कमी नाही, पण पाइप शाबूत होता.

मधेच एक पांढरा मण्याएवढा तुकडा लागला. काढून फुंकला तर हवा जाईना. मी आनंदाने ओरडले, सापडलं! बाबा म्हणाले, "अगं उलटा धरून फुंक." उलटा धरला तर फुर्रकन हवा गेली. तो व्हॉल्व होता, एकाच बाजूने पाणी जाऊ देणारा, म्हणजे मोटर थांबल्यावर पाइपातलं पाणी परत टाकीत उतरत नाही आणि पुढच्या वेळी दांडी ओढली की लगेच फवारा येतो. काढताना तो कुठल्या तोंडाने होता ते बघून ठेवलं होतं हे नशीब, उलटा बसवला असता तर अख्खा रविवार त्यात गेला असता.

व्हॉल्वपाशी पण पाणी थेंब थेंबच. म्हणजे गाठ मोटरपाशीच. स्टेअरिंग पूर्ण वळवून ठेवलं, चाकाच्या आतलं काळं प्लॅस्टिकचं कव्हर तीन स्क्रू काढून नुसतं वाकवलं, हात आत गेला. बंपरला हातही लावावा लागला नाही. सॉकेट काढला, मोटर हलवत हलवत खाली ओढली आणि टाकीतलं सगळं पाणी माझ्या बाहीतून थेट काखेपर्यंत. बादली खाली ठेवली होती, पण ती भलतीकडेच.

मोटर टाकीत रबराच्या एका बुचात बसते आणि त्या बुचाच्या आतल्या टोकाला नखाएवढी जाळी असते. ती जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर पांढरट राखाडी, बुळबुळीत, भिजवलेल्या सब्जासारखं काहीतरी थापलेलं. बोटाने काढलं तर चिकट, आणि वास ओळखीचा. चंदनाचा. बाबांकडे बघितलं. बाबा टॉर्च दुसरीकडे वळवून उभे.

तर झालं होतं असं की बाबा घरातले अंघोळीच्या साबणाचे उरलेले तुकडे एका बाटलीत पाणी घालून विरघळवून ठेवतात, काही वाया जाऊ द्यायचं नाही, आणि दर पंधरा दिवसांनी प्रेमाने ते पाणी गाडीच्या टाकीत घालायचे. वर पाणी बोरिंगचं, कारण नर्मदेचं पाणी जलूदहून पंपाने चढवून इंदूरला येतं, तेही नळाला एक दिवसाआड, ते गाडीला कशाला, हे त्यांचं म्हणणं. आमचं बोरिंगचं पाणी इतकं खारट की बादलीच्या काठाला पांढरी किनार धरते. अशा जड पाण्यात कॅल्शियम असतं, त्यात साबण फेस न होता फाटतो, दूध नासावं तसा, आणि त्याचा तो चिकट साका खाली बसतो. नेमका जाळीवर. बाबा एवढंच म्हणाले, "मला वाटलं काच चकचकीत होईल."

जाळी जुन्या टूथब्रशने घासली, टाकी तीन वेळा गार पाण्याने खळखळून काढली, तिसऱ्यांदाही तुकडे निघालेच. रबराचं बुच पाण्याने ओलं करून मोटर परत दाबून बसवली, ओलं केलं की सरकन बसते, कोरडी ठोकू नका, रबर फाटतं. टाकी भरली आणि मगच दांडी ओढली. कोरडी मोटर चालवायची नाही, ती गरम होते, आणि भरलेली असली तरी एकदम दहा सेकंदांच्या वर नको.

पाइपातून कारंजं उडालं! चिरंजीव टाळ्या वाजवायला लागले. पण जेट जोडले तर डावीकडून नुसती लाळ आणि उजवीकडून काहीच नाही. ते क्षाराने बुजलेले होते. मागच्या बाजूच्या खटक्या दाबून दोन्ही जेट काढले आणि वाटीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवले, नूडल्ससाठी आणलेलं होतं ते. सकाळी स्वच्छ पाण्याने धुऊन सासूबाईंच्या डब्यातल्या सगळ्यात बारीक सुईने भोक हलकेच मोकळं केलं. इथे जाड टाचणी घालून जोर केला तर भोक मोठं होतं आणि मग फवाऱ्याऐवजी धार लागते. पाइप काढलेलाच असू द्यावा, म्हणजे कचरा आत ढकलला जात नाही.

सुईने जेटमधली ती छोटी गोळी फिरवून दिशा पण बदलता येते. माझी पहिली दिशा अशी लागली की पाणी छपरावरून मागे, आणि मागे शेजारच्या काकू दूध घेऊन उभ्या, "अगं बाई, पाऊस आला का?" मग हळूहळू खाली आणलं. काचेच्या मध्यापेक्षा थोडं वर पडेल असं ठेवलंय, कारण गाडी जोरात असली की वारा पाणी खाली दाबतो, उभ्या गाडीत बरोबर दिसलेलं बायपासवर बॉनेटजवळच पडतं.

खर्च म्हणाल तर त्या तुटलेल्या बटणांचे २० रुपये. ती घेतली मुद्दाम त्याच गॅरेजच्या शेजारच्या दुकानातून, आणि जाताना त्या मुलासमोर एकदा काच धुऊन दाखवली. त्याने मान हलवली, "चलो भिया, सही है." मला भिया म्हणजे भैया म्हणाला, आता इंदूरमध्ये याहून मोठी पदवी काय असते.

टाकीत आता एसीचं पाणी घालतो, खिडकीखाली बादली लावली की रात्रभरात निम्मी भरते, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. आरओचं वाया जाणारं पाणी घालायला निघाले होते बाबा, ते मात्र थांबवलं, ते तर बोरिंगपेक्षाही खारट. साबणाच्या तुकड्यांची बाटली अजून बाथरूममध्ये आहे, टाकून द्यायला ते तयार नाहीत, पण तिच्यावर त्यांनीच मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, "फक्त जिना."