एएनए पॉझिटिव्ह, पण आजाराला नाव नाही

सांधे दुखतात, दुपारपर्यंत अंगातलं त्राण संपतं, मधेच ताप येतो. त्यात रिपोर्टवर ‘एएनए पॉझिटिव्ह’ (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली) असं ठळक छापलेलं. इथून पुढे माणूस ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) या एकाच शब्दाभोवती फिरत राहतो.

एएनएची तपासणी रक्तातला सीरम टप्प्याटप्प्याने पातळ करत करतात. १:४० ला, म्हणजे चाळीसपट पातळ केल्यावर, तर धडधाकट माणसांपैकीही चारांतल्या एकाचा निकाल पॉझिटिव्ह येऊ शकतो, १:१६० ला साधारण विसांतल्या एकाचा. म्हणून टायटर (कितीपट पातळ करूनही पॉझिटिव्ह येतं) आणि पॅटर्न (पेशीत चमक कशी दिसते) पाहायचे. तपासणी इम्युनोफ्लुरोसन्सने (सूक्ष्मदर्शकाखाली चमक पाहून) केली की एलायझाने (यंत्रावर मोजून), हेही बघा; दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. बाकी लक्षण काही नसताना १:८० स्पेकल्डवर (ठिपक्यांच्या पॅटर्नवर) झोप उडवण्यात अर्थ नाही. १:६४० सेंट्रोमिअर पॅटर्न आणि सोबत गारव्यात पांढरी-निळी पडणारी बोटं, हे मात्र स्क्लेरोडर्माकडे (त्वचा कडक होत जाणाऱ्या आजाराकडे) बोट दाखवतं. एकदा पॉझिटिव्ह आलेला एएनए दर तीन महिन्यांनी पुन्हा करणं म्हणजे पैसे पाण्यात. आजार वाढला की उतरला, हे त्यावरून कळत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित तपासणी लघवीची. ल्युपस मूत्रपिंडात शिरतो तेव्हा काही दुखत नाही आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बराच काळ नॉर्मल राहू शकतं. आधी दिसतात ती लघवीतली प्रथिनं आणि तांबड्या पेशी. रुटीनसोबत प्रथिनं-क्रिएटिनिन गुणोत्तर मागा. पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नका, नाहीतर नसती धावपळ होते. ल्युपसचा संशय पक्का होत असेल तर अँटी-डीएसडीएनए (ल्युपसमध्ये सापडणारी प्रतिपिंडं), सी३ आणि सी४ (रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं) तपासायचे. आजार जोरात असताना सी३-सी४ बहुधा खाली जातात.

ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. ईएसआर वय, ॲनिमिया आणि गर्भारपण यांनीही चढतो. ल्युपसमध्ये ईएसआर चढलेला आणि सीआरपी जवळपास नॉर्मल असं पुष्कळदा दिसतं. सीआरपी एकदम उसळला तर आधी जंतुसंसर्ग शोधतात. संधिवातासाठी करतात तो आरए फॅक्टर हेपटायटिस सी मध्येही पॉझिटिव्ह येतो, म्हणून जोडीला अँटी-सीसीपी ही संधिवाताची जास्त नेमकी तपासणी लागते.

हे सगळं करण्याआधी साध्या गोष्टी उरकलेल्या असाव्यात: टीएसएच (थायरॉइड), हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, हेपटायटिस बी आणि सी, एचआयव्ही. सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडतं त्या आजाराची) टीटीजी-आयजीए तपासणी गहू खात असतानाच करायची. गहू आधीच सोडला तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या टीएसएच खोटा खाली दाखवू शकतात. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस त्या थांबवा.

स्टिरॉइडचं तसंच. ‘घेऊन तर बघा’ म्हणून सुरू केलेल्या गोळ्यांनी आठवड्यात बरं वाटतं. पण सूज ओसरते, बायोप्सीत सापडायचं ते पुसट होतं आणि निदान लांबतं. तातडी नसेल तर आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने (सांध्यांच्या आणि अशा आजारांच्या तज्ज्ञाने) तपासावं. आधीच सुरू असतील तर मात्र स्वतःहून अचानक बंद करू नका, तेही धोक्याचं आहे.

भेटीला जाताना जाडजूड फाइलपेक्षा एक पान उपयोगी. कोणतं लक्षण कधी सुरू झालं, किती दिवस टिकलं, सकाळचा ताठरपणा किती मिनिटं राहतो (अर्धा तास उलटला तर ते महत्त्वाचं), आधीची सगळी औषधं. हायड्रॅलझिन, आयसोनायझिड आणि मिनोसायक्लिन यांनीही ल्युपससारखं चित्र उभं राहतं. पुरळ, सुजलेलं बोट, तोंडातला व्रण यांचे फोटो तारखेसह काढून ठेवा. अपॉइंटमेंटच्या दिवशी ते नेमके गायब असतात.

एवढं करूनही कागदावर ‘अनडिफरन्शिएटेड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज’ (ल्युपसच्या कुळातला, पण अजून नेमकं नाव न देता येणारा आजार) येऊ शकतं. ती टोलवाटोलवी नसते. पुष्कळांचा आजार तिथेच थांबतो, काहींचा पुढच्या काही वर्षांत ओळखीचं रूप घेतो. म्हणून नाव नसलं तरी लघवी, रक्तदाब आणि हिमोग्राम ठरलेल्या अंतराने तपासायचे. लघवीला फेस, पायांवर सूज, चढती धाप, पाऊल लुळं पडणं किंवा अचानक अंधुक दिसणं, यातलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.