पुण्याचे पूल कागदावर: बंडगार्डनची कमान, दुसऱ्यांदा

मंडळी, मागच्या वेळी मोठ्या तोंडाने सांगितलं होतं की बंडगार्डनचा पूल महिनाभरात कागदावर उतरवतो. उतरवला. मग खोडलाही. त्या कागदाचा फोटो मागू नका, खोडरबराने पार चाळण झाली आहे.

नव्याने आलेल्यांसाठी: पुण्यातल्या नदीवरच्या पुलांची बाजूने दिसणारी चित्रं १:२०० प्रमाणात काढतोय. आधी पेन्सिल, मग काळी शाई.

बंडगार्डनचा पूल म्हणजे कागदोपत्री फिट्झगेराल्ड ब्रिज, १८६९ साली खुला झालेला. नाव तेव्हाच्या मुंबईच्या गव्हर्नराचं, पण ते लोकांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. शेजारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झालेला बंधारा, बंधाऱ्याशी बाग, आणि पूलही त्या बागेच्याच नावाने. आता त्यावरून गाड्या जात नाहीत, त्यामुळे काठावर बसून निवांत काढता येतो. डास सोडले तर.

कमानीचा गाळा (दोन खांबांमधलं मोकळं अंतर) साठ फुटी, म्हणजे माझ्या कागदावर साधारण ९१ मिमी. मी धरून चाललो की कमान म्हणजे वर्तुळाचा तुकडा. मग त्रिज्या काढणं सोपं: अर्ध्या गाळ्याचा वर्ग अधिक कमानीच्या उंचीचा वर्ग, भागिले उंचीची दुप्पट. कंपास लावला, एकापाठोपाठ एक कमानी मारल्या, खूश झालो. घरी येऊन फोटोशी ताडून पाहिलं तर मधला माथा बरोबर, पण दोन्ही खांद्यांवर खरा दगड माझ्या रेषेच्या बाहेर! शिवाय माझी कमान खांबाला तिरकी येऊन टेकत होती आणि खरी मात्र सरळ उभी उतरते. तिथे डोक्यात प्रकाश पडला. ही कमान लंबवर्तुळाची आहे.

मग शाळेतली युक्ती. गाळ्याची आडवी रेषा काढायची. माथ्याच्या बिंदूवर कंपासचं टोक ठेवून अर्ध्या गाळ्याएवढं अंतर घ्यायचं आणि ते आडव्या रेषेला जिथे दोनदा छेदेल तिथे टाचण्या खोचायच्या. टाचण्यांमधला मोकळा दोरा बरोबर पूर्ण गाळ्याएवढा, ९१ मिमी. पेन्सिल ताणून फिरवली की कमान. शिवणाचा दोरा वापरू नका, तो ताणतो आणि कमान पोट सुटल्यासारखी येते. मी शेवटी मांज्याचा जुना तुकडा घेतला.

हा आकार घेण्यात फायदा असा की रुंद गाळा असूनही पूल उंच उचलावा लागत नाही, आणि खांबाजवळसुद्धा पाण्याला वाट जास्त मिळते. किंमत मोजली पाथरवटांनी. वर्तुळाच्या कमानीत एकच साचा सगळ्या दगडांना चालतो, इथे माथ्याकडून खांद्याकडे बाक बदलत जातो, म्हणून दगडांचे साचेही बदलतात. हे कळल्यावर एकेक सांधा काढताना हात आपोआप हळू झाला.

बाकी पुलांची खबर थोडक्यात. संगम पूल शाईत पूर्ण. आजचा दगडी पूल १८७५ चा, त्याआधी तिथेही लाकडीच होता. पण ‘लकडी पूल’ हे नाव पेशवाईतल्या त्या दुसऱ्यानेच पटकावलं आणि दगडाचा झाल्यावरही सोडलं नाही. तसाच तो शनिवारवाड्याजवळचा शिवाजी पूल, १९२३ चा. शंभरी उलटली तरी जुन्या पुणेकरांना तो ‘नवा पूल’च. लकडी पुलाचं चित्र अर्धवट आहे, कारण डोक्यावरून मेट्रो गेली आहे आणि ती काढावी की नाही यावर माझं माझ्याशीच भांडण चालू आहे. भिडे पूल चार मिनिटांत झाला. पावसाळ्यात काढला असता तर तेवढीही मिनिटं लागली नसती, नुसती पाण्याची रेष.

आता बंडगार्डनच्या टोकांवरचे दगडी सिंह उरलेत, पंजाखाली गोळा असलेले. पहिला प्रयत्न घरी दाखवला. ‘मांजर छान आलंय’ म्हणाले.